एकवीस दिवसांचं पाणी

सकाळी सहाला मोटर लावली की ती आधी कुरकुरते, मग पाइपातून गढूळ पाण्याची एक गुळणी टाकते आणि मगच मन लावून कामाला लागते. पाणी पाटात उतरतं, पाटातून केळीच्या आळ्यांत. कोरड्या मातीवर पाणी पसरतं तेव्हा येणारा वास मी विरारला फुलपाड्याच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहून विसरले होते असं नाही. पण तो इथे एक दिवसाआड येतच होता आणि त्यासाठी कुणीतरी पहाटे उठत होतं, हे मात्र पार विसरले होते. गेले बारा दिवस निर्मळच्या आमच्या केळी-पोफळीच्या वाडीत मी एकटी आहे. आईबाबा यात्रेला गेलेत. आज ते रामेश्वरला असतील. दोघं, एकत्र.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? म्हातारा-म्हातारी यात्रेला घराघरांतून निघतात. पण आमच्या घरातून निघत नाहीत. निर्मळ काय, गिरीज काय, वाडीवाल्यांच्या घरातून एका वेळी एकच जण निघतो. लग्न असो, मयत असो, देव असो, नवरा गेला की बायको मागे आणि बायको गेली की नवरा मागे. घराला कुलूप लावता येतं, वाडीला येत नाही. दिवाळी सरली की केळीला एक दिवसाआड पाणी हवं. दोन पाळ्या चुकल्या तर पानं भरदुपारी मिटून घेतात आणि तिसऱ्या पाळीला घड रुसतो. पावसाळ्यात पाणी घालायला नको, हे खरं. पण पावसाळ्यात यात्राही निघत नाहीत. देवाने हे मुद्दाम असं करून ठेवलंय, असं आई म्हणायची.

मी सहावीत होते तेव्हा गावातून दक्षिणेची यात्रा निघाली. एकवीस दिवस, चाळीस माणसं, एक बस. टपावर पातेली आणि गॅसच्या टाक्या, मागच्या दोन सीटवर तांदळाची पोती, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी पंचांग घेऊन गुरुजी. बाबांनी दोन नावं दिली होती, स्वतःचं आणि आईचं. मी मावशीकडे राहायचं ठरलं होतं. मग काय बिनसलं ते मला आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ट्रंकेत घडी घालून ठेवलेले बाबांचे दोन सदरे आईने परत बाहेर काढले आणि त्या जागी माझे फ्रॉक ठेवले. ती रडली नाही. फक्त ते सदरे तिने पुन्हा पुन्हा हाताने सारखे केले, जणू इस्त्रीच करत होती.

निघायच्या आदल्या दिवशी गुरुजी आमच्या ओटीवर बसून नियम सांगत होते. पुरुष एकटा आला आणि जोडीने करायचं कर्म असलं, तर बायकोच्या जागी सुपारी ठेवतात, असं ते म्हणाले. आई चहा घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहिली.

"मग नवऱ्याच्या जागी का नाय?"

गुरुजी गडबडले. "वहिनी, शास्त्रात तसं कुठं म्हटलेलं नाही."

"ठेवू नये असं तरी म्हटलंय का?"

गुरुजींनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "ठेवा."

बाबा उठले, मागच्या पडवीत वाळत टाकलेल्या सुपाऱ्यांतून एक निवडून त्यांनी सोलली आणि आईच्या हातावर ठेवली. आमच्याच पोफळीची. "घे," म्हणाले, "माझ्यापरीस गप राहील." आईने ती एका पितळी डबीत घातली आणि एकवीस दिवस डबी सोबत न्यायचं ठरवलं.

त्या बसचा वास मला आजही येतो. आंबट ताक, कापूर, डोक्याला लावायचं खोबरेल, कुणाच्या तरी पिशवीतली सुकेळी आणि या सगळ्याखाली डिझेल. सुकेळी म्हणजे आमच्याकडे उन्हात वाळवलेली गोड केळी. घरोघरच्या बायकांनी ती पानात बांधून दिली होती आणि कुणाची जास्त मऊ यावरून कोल्हापूर येईपर्यंत वाद चालला. महालक्ष्मीच्या देवळात आईने पहिल्यांदा डबी उघडली, देवीसमोर धरली आणि परत मिटली. गोकर्णला तेच, उडुपीला तेच. बसमधल्या बायका चिडवायच्या, "काय गं, तुझ्या नवऱ्याला खिडकीची जागा दिलीस का?" आई म्हणायची, "त्यांना वारा लागतो." मलाही हसू यायचं. लाजही वाटायची. मैत्रिणींना हे सांगायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

केरळात शिरलो आणि बसमधलं भजन बंद पडलं. सगळी माणसं दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना चिकटली. नारळ, पोफळी, केळी, नारळाच्या अंगावर चढलेली मिरीची वेल, दारापुढून वाहणारं पाणी आणि पाण्यातून घरी जाणारी माणसं. देवळं बघायला निघालेली ती माणसं खरी हरखली ती तिथे. एका गावात गुरुजींना देवळाची वेळ गाठायची होती आणि अख्खी बस रस्त्याकडेच्या केळीत उतरून एकेका खुंटाला हात लावून बघत होती. "देऊळ बंद होईल हो," गुरुजी रस्त्यावरून ओरडत होते. गिरीजचे नाना आतून म्हणाले, "गुरुजी, देव कुठं जातोय? हा घड बघा."

हे नाना म्हणजे आमच्या बसचा दंगा. गिरीजला त्यांची मोठी वाडी. सहा फूट माणूस, तोंडात सदा पान, कमरेला अडकित्ता. त्यांची बायकोही मागे राहून पाणी घालत होती, पण त्यांनी सुपारी बरोबर घेतली होती ती फक्त खायला.

त्या केळीच्या मालकाला आईने हातवारे करून विचारलं, पाणी किती दिवसांनी देता? तो माणूस हसला आणि त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. आई बराच वेळ वर बघत राहिली. बसमध्ये चढताना मला म्हणाली, "यांचं बरं हाय. देवच पानी घालतो. इथं नवरा-बायको जोडीनं फिरत असतील." मी तेव्हा टॉफी चघळत होते. ते वाक्य माझ्या कानावरून गेलं ते पार परवा परत आलं.

तिरुअनंतपुरमला देव एवढा लांबलचक निजलेला, की तो एका दारातून दिसतच नाही. एका दारातून मुख, दुसऱ्यातून नाभी, तिसऱ्यातून पाय. आत तेलाच्या दिव्यांचा उजेड आणि दगडाला शतकांच्या तेलाचा वास. मागून लोक ढकलत होते. आईने तीनही दारांशी डबी उघडून धरली. तिसऱ्या दारी तिथला माणूस खेकसला, तरी तिने हात खाली घेतला नाही. "पाय बघायचे ऱ्हायले असते," बाहेर आल्यावर ती म्हणाली. ते कुणाला दिसायचे राहिले असते, हे तिने सांगितलं नाही आणि मला विचारावंसंही वाटलं नाही.

कन्याकुमारीहून रामेश्वरला जाताना झाडं विरळ झाली. ताडाची उंच झाडं, तांबडी माती, मग एकदम पांढरे ढीग आणि चौकोनी पाणी. मिठागरं, आमच्याकडच्या नायगावसारखीच! सगळी बस ओरडली, "नायगाव आलं!" घर सोडून बारा दिवस झाले होते आणि प्रत्येकालाच घरची आठवण येत होती, म्हणून ते हसू जरा जास्तच लांबलं. तिथेच रस्त्याकडेला जेवायला बस थांबली. आई आचाऱ्याला भात उपसायला मदत करत होती. डबी सीटवर होती.

नानांची सुपारी दोन दिवसांपूर्वी संपली होती. तिकडे मिळणारी पातळ, गोड चवीची चकती त्यांना चालत नव्हती. दोन दिवस माणूस नुसता पान आणि चुन्यावर होता. जेवण झालं, नाना बसमध्ये चढले आणि त्यांना आमच्या सीटवर एक पितळी डबी दिसली. डबी, आत सुपारी, तीही सोललेली. वाडीवाल्या माणसाला याचा दुसरा अर्थ काय कळणार? मी खिडकीपाशीच होते. अडकित्त्याचा कट असा आवाज मी ऐकला आणि तरीही मला काही सुचलं नाही. आई हात पुसत वर आली तेव्हा अर्धी सुपारी नानांच्या तोंडात होती आणि अर्धी ड्रायव्हरच्या.

"वैनी, तुमच्या पोफळीची चवच न्यारी," नाना मनापासून म्हणाले.

आईने उघडी डबी बघितली. तिचा चेहरा बघून कुणीतरी नानांच्या कानाशी लागलं. नानांनी चावणं थांबवलं. आता थुंकावं तर अपमान आणि गिळावं तर त्याहून वाईट. सहा फुटी माणूस तोंड मिटून तसाच उभा राहिला.

आई माझा हात धरून उतरली आणि समोरच्या फोनच्या टपरीकडे चालायला लागली. निर्मळला आमच्याकडे फोन नव्हता. बांधाला बांध लागून वाडी असलेल्या पास्कूमामांकडे होता. मामा म्हणाले, "दहा मिन्टांनी परत कर, बोलावतो त्याला." ती दहा मिनिटं आई त्या टपरीच्या खांबाला धरून उभी होती. तिने समोरच्या घड्याळावरची नजर हलवली नाही. माझ्या हाताला तिच्या बांगडीचे वळ उठले होते.

बाबा धावत आले असणार. फोनमधून त्यांची धाप मलाही ऐकू आली. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "तुमाला काय झालं?" आईने विचारलं. दोघांनाही काही झालेलं नव्हतं. मग बाबा म्हणाले, "पाट सोडून आलोय गं, पानी वाहून चाललंय." आई म्हणाली, "मग बंद करून यायचं ना! जा आधी." आणि तिनेच फोन ठेवला. रडली ती त्यानंतर, टपरीवाल्यासमोर, उभ्या उभ्या.

दुसऱ्या दिवशी रामेश्वरला देवळाच्या आवारात बावीस विहिरींवर आंघोळ होती. प्रत्येक विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस बादली ओढतो आणि डोक्यावर उपडी करतो, की लगेच पुढच्या विहिरीकडे धावायचं. गुरुजींनी हात करून सांगितलं, "जोडपी इकडे, एकटी माणसं तिकडे." चाळीसांत जोडपी निघाली पाच, तीही वाडी नसलेली. त्यांच्या पदर-उपरण्याच्या गाठी बांधल्या गेल्या. नाना समुद्रात बुडी मारून ओल्या अंगाने आईसमोर आले. कुठून तरी एक सुपारी मिळवून त्यांनी तळहातावर धरली होती.

"वैनी, ही ठेवा. माझं चुकलं."

"नको नाना," आई म्हणाली. "सुपारी ती सुपारीच. मानूस ते मानूस."

ती एकट्या माणसांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यामागे नाना, तोंडात पान नसलेले. लांबच लांब दगडी ओवऱ्या, पायाखाली थंडगार पाणी, शेकडो ओल्या पावलांचा आवाज आणि मधेच तोंडात शिरणारं त्या विहिरींचं पाणी. समुद्र एवढा जवळ, तरी ते पाणी मचूळ नव्हतं. आमची माणसं बादलीगणिक त्याचंच नवल करत होती. माझ्या आईने मात्र त्या बावीस विहिरींवर एकदाही मान वर केली नाही.

घरी आल्यावर ओटीवर पाय ठेवायच्या आधी तिने बाबांना सांगितलं, "आता जाईन तर दोघं. नायतर नाय." बाबा हसले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

आणि आई खरंच गेली नाही. गावातून काशीची बस निघाली, तिरुपतीची निघाली, द्वारकेची तर दोनदा निघाली. बायका बोलवायला यायच्या. ती त्यांना सुकेळी बांधून द्यायची आणि फाटकापर्यंत पोचवायची. रागावलेली नव्हती ती. बाबांशी कधी भांडलीही नाही. पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. बाबाही तसलेच. गडी ठेवा म्हटलं की म्हणायचे, "गडी पानी घालेल, झाडाला तहान लागली का ते बघनार हाय का?" वाडी अर्धी झाली, मागच्या बाजूला इमारती आल्या, एक विहीर खारट झाली, तरी उरलेल्या केळीसाठी हा माणूस एक दिवसाआड पहाटे उठायचाच. मी त्यांना आडमुठे म्हणायचे. तोंडावर नाही, नवऱ्याजवळ.

खरी आडमुठी कोण, ते सांगते. फुलपाड्याहून निर्मळ स्कूटरने पाऊण तास. मी दर रविवारी यायचे, केळफूल आणि अळू घेऊन जायचे. इतकी वर्षं मला आईचा हट्ट दिसला, बाबांचा हट्ट दिसला. पण तीन आठवडे रजा काढून वाडीत मीच राहिले तर, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. इतकं सोपं होतं ते. याची मला लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी.

दिवाळीत डॉक्टरांनी आईचा गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, "पायऱ्या चढायच्या असतील तर या वर्षी चढून घ्या." घरी येताना मी बाबांना म्हटलं, "तुम्ही दोघं जा. पाणी मी घालते." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विमान चालवते म्हटलं होतं. मग माझी परीक्षा झाली. आठ दिवस मी पाणी घालायचं आणि त्यांनी मागे हात बांधून बघायचं. "आळं भरलं का?" "भरलं." "नाय भरलं. वरचं ओलं झालं फक्त. बोट घालून बघ." पन्नाशीला आलेली मी, चिखलात बोट घालून बघत होते. आठव्या दिवशी ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "बघू नाही. पैसे भरलेत."

विरार फाट्यावर बस आली. आई चढून जागेवर बसली. बाबा एक पाय पायरीवर ठेवून मला सांगतच होते, मोटर तापली तर काय, वीज गेली तर काय, पाट फुटला तर माती कुठली घ्यायची. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाबांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. त्या क्षणी मला वाटलं, संपलं, हे आता माझ्याबरोबर घरी येणार. आतून आईचा आवाज आला, "येताय, का मी उतरू?" शांतपणे विचारलं तिने, पण बाबा चढले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन येतो. बाबा विचारतात, "पानी घातलंस?" मी विचारते, काय काय बघितलं? ते म्हणतात, "देऊळ बघितलं. केळीला घातलंस का?" केरळात पोचले त्या दिवशी मात्र अर्धा तास बोलले. तिथल्या पोफळी, मिरी, पाण्यातली घरं. "अगं, तुझी आई सांगायची ते खरं हाय," असं म्हणाले. आई मागून काहीतरी बोलली आणि दोघं हसली.

परवा बांधावर पास्कूमामा आले होते. आता काठी घेऊन चालतात. माझं पाणी घालणं बघून म्हणाले, "बाय, तू बापासारखी वाकतेस." मग सांगायला लागले. आम्ही यात्रेला गेलो त्या वर्षी बाबा त्यांच्याकडे जेवायचे. यात्रेचा छापील कागद बाबांनी मोटरच्या खोपीत खिळ्याला लावला होता. "रोज जेवताना सांगायचा मला, आज उडुपी, आज कन्याकुमारी. घास हातात धरून सांगायचा. जसा काय तोच जाऊन आला." मी मामांना विचारलं, हे आईला ठाऊक आहे? मामा म्हणाले, "तो सांगनार हाय का तिला?"

आज पाण्याचा दिवस. तीन पाट झाले, चौथा सोडला आणि फोन वाजला. दहा वाजले होते. बाबा असतील म्हणून मी आधीच म्हटलं, "घातलं, घातलं." पण आई होती. मागे माणसांचा गलका नव्हता, बादल्यांचा आवाजही नव्हता. लॉजवर आली असावी.

"झाली आंघोळ?"

"झाली. बावीसच्या बावीस."

"जोडीने?"

"मग? गाठ बांधूनशान. शेवटच्या विहिरीवर गुरुजी बोलले, आता हात जोडा, काय मागायचं ते मनात मागा. सगळी मागाय लागली. मना काय सुचंचना गं. इतकी वर्सं कुठल्या बी देवळात गेले तरी एकच मागायची. आज ते बाजूलाच कुडकुडत उभं व्हतं."

पाटातलं पाणी माझ्या पायांवरून पुढे गेलं. मी विचारलं, "मग काय केलंस?"

"काय करनार? देवाला म्हटलं थांब जरा, आनि पदर पिळून आधी यांचं डोकं पुसलं."